मतदारांनी पायउतार केलेला न्यायाधीश: सांता क्लारा काउंटीतील एक प्रकरण

ॲरन पर्स्की यांच्या नावावर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मतदारांनी 2 वेळा स्पष्ट कौल दिला आणि दोन्ही वेळा तो त्यांच्या विरोधात गेला. 2002 साली ते तेथील सुपिरियर कोर्टाच्या न्यायाधीशपदाची निवडणूक लढले आणि रॉन डेल पोझो यांच्याकडून पराभूत झाले. 5 जून 2018 रोजी त्याच काउंटीतील सुमारे 62 टक्के मतदारांनी त्यांना मुदत संपण्याआधी पदावरून दूर करण्याच्या बाजूने मत दिले. या 2 पराभवांच्या मधली सुमारे 15 वर्षे मात्र ते न्यायाधीश म्हणून काम करत होते. खालच्या न्यायालयातील न्यायाधीश निवडून देण्याची पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, तिचे दात कोठे बोथट असतात आणि कोठे अचानक लागतात, हे समजून घ्यायला याहून बोलके प्रकरण मला माहीत नाही.

मराठी वाचकाला मुळात न्यायाधीशाची निवडणूक ही कल्पनाच परकी वाटते. आपल्याकडे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश स्पर्धा परीक्षा देऊन येतो, जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने राज्यपाल करतात आणि पुढची बदली, बढती, शिस्त हे सारे संविधानाच्या अनुच्छेद 235 प्रमाणे उच्च न्यायालयाच्या हाती असते. कॅलिफोर्नियात 58 काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचे एक सुपिरियर कोर्ट आहे. नावात ‘सुपिरियर’ असले तरी ते खटला चालवणारे पहिल्या पायरीचे न्यायालय होय. तेथील न्यायाधीशाची मुदत 6 वर्षांची असते आणि ती संपली की त्याने मतदारांसमोर जायचे असते. मध्येच जागा रिकामी झाली तर गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, नेमणूक करतो. बहुतेक न्यायाधीश या दुसऱ्या वाटेनेच येतात, आणि एकदा खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशाविरुद्ध उभे राहण्याचे धाडस वकील मंडळी सहसा करत नाहीत, कारण उद्या त्याच न्यायाधीशासमोर अशिलाची बाजू मांडायची असते. शिवाय नियम असा आहे की पदावरच्या न्यायाधीशाला कोणी प्रतिस्पर्धी नसेल तर त्याचे नाव मतपत्रिकेवर छापलेच जात नाही, तो आपोआप निवडून आला असे मानले जाते. म्हणजे कागदावर निवडणूक आहे, पण मतदाराच्या हातातल्या कागदावर न्यायाधीशाचे नावही नाही.

जिथे लढत होते तिथेही मतदाराला फारसे काही कळत नाही. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाखाली त्याचा व्यवसाय मोजक्या शब्दांत लिहायची मुभा असते. पक्षाचे नाव नसते. गव्हर्नर, सिनेटर असे सगळे रकाने पार करून आलेला मतदार तळाशी पोचतो तेव्हा त्याच्यासमोर 2 अनोळखी नावे आणि त्यांच्याखाली ते मोजके शब्द एवढेच असते. न्यायाधीशपदाच्या इच्छुकांमध्ये सरकारी वकिलांची संख्या मोठी असण्याचे एक कारण हेही आहे, कारण गुन्हेगारांविरुद्ध लढणारा माणूस अशी ओळख त्या शब्दांतून आपोआप होते.

पर्स्की याच मुशीतून आलेले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिक्षण, बर्कलीला कायद्याची पदवी आणि मग सांता क्लारा काउंटीच्या जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयात नोकरी. तेथे त्यांनी लैंगिक गुन्ह्यांचे आणि द्वेषमूलक गुन्ह्यांचे खटले चालवले, आणि घरातील मारहाणीला बळी पडलेल्या स्त्रियांना आधार देणाऱ्या एका संस्थेच्या कार्यकारी समितीवरही काम केले. पुढे जे घडले त्याच्या प्रकाशात ही माहिती वाचताना थबकायला होते. 2002 मधील पराभवानंतर वर्षभरातच, 2003 मध्ये, गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी त्यांची सुपिरियर कोर्टावर नेमणूक केली. मतदारांनी ज्यांना निवडले नव्हते त्यांना राज्याच्या प्रमुखाने ती खुर्ची दिली आणि त्यात नियमबाह्य काहीच नव्हते.

18 जानेवारी 2015 च्या मध्यरात्रीनंतर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात, विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहवजा घराजवळ, कचऱ्याच्या मोठ्या पेटीमागे एक तरुणी बेशुद्धावस्थेत जमिनीवर पडलेली होती आणि एक तरुण तिच्या अंगावर होता. सायकलवरून जाणाऱ्या 2 स्वीडिश विद्यार्थ्यांना काहीतरी विपरीत चालले असल्याचे जाणवले. त्यांनी हाक मारताच तो पळाला, त्यांनी पाठलाग करून त्याला जमिनीवर दाबून धरले आणि पोलीस येईपर्यंत सोडले नाही. तो 19 वर्षांचा ब्रॉक टर्नर होता, विद्यापीठाच्या पोहण्याच्या संघातला खेळाडू. ती 22 वर्षांची होती आणि शुद्धीवर आली ती थेट रुग्णालयात.

30 मार्च 2016 रोजी ज्यूरीने टर्नरला 3 गंभीर गुन्ह्यांबद्दल एकमताने दोषी ठरवले. त्यांत नशेत असलेल्या व्यक्तीवर बलात्काराच्या हेतूने केलेला हल्ला होता आणि नशेतील व बेशुद्ध व्यक्तीवरील लैंगिक अत्याचार होते. कायद्याप्रमाणे एकूण 14 वर्षांपर्यंतची शिक्षा शक्य होती, सरकारी पक्षाने 6 वर्षे मागितली, तर प्रोबेशन विभागाच्या अहवालात काउंटीच्या तुरुंगातील मर्यादित कैद आणि त्यापुढे प्रोबेशन, म्हणजे अटींवर देखरेखीखाली बाहेर राहण्याची मुभा, अशी शिफारस होती. 2 जून 2016 रोजी पालो आल्टोच्या न्यायालयात शिक्षेची सुनावणी झाली. त्या तरुणीने उभे राहून आपले निवेदन वाचले. मूळ मजकूर 7 हजारांहून अधिक शब्दांचा होता. तिने तो न्यायाधीशांना उद्देशून सुरू करून, त्यांची परवानगी घेऊन, मोठा भाग थेट आरोपीकडे वळून त्यालाच सांगितला. रुग्णालयात केसांतून निघालेली पाइनच्या झाडाची सुईसारखी पाने, अंगावरचे ओरखडे मोजणारी पट्टी आणि आपल्याबाबत काय झाले हे कामाच्या ठिकाणी फोनवर बातमी वाचताना कळण्याचा तो क्षण, हे सारे त्यात होते. आरोपीच्या वडिलांच्या पत्रात मात्र आपल्या मुलाने 20 वर्षांच्या आयुष्यातल्या ‘20 मिनिटांच्या’ कृत्याची फार मोठी किंमत मोजल्याचे म्हटले होते.

पर्स्की यांनी काउंटीच्या तुरुंगात 6 महिने, 3 वर्षांचे प्रोबेशन आणि लैंगिक गुन्हेगार म्हणून आजन्म नोंद अशी शिक्षा दिली. राज्य कारागृहातील शिक्षेचा या तरुणावर फार गंभीर परिणाम होईल; शिवाय तो इतरांना धोका ठरणार नाही असे वाटते, अशा आशयाचे त्यांचे शब्द होते. या गुन्ह्यासाठी कायद्याचा कल तुरुंगाकडेच होता. असाधारण परिस्थितीत, न्यायाच्या हितासाठी प्रोबेशन देण्याची मुभा होती, आणि वय, कोरी पार्श्वभूमी, दारूचा अंमल ही कारणे देऊन त्यांनी ती वापरली. चांगल्या वर्तणुकीची सूट धरून टर्नर 2 सप्टेंबर 2016 रोजी, म्हणजे 3 महिन्यांत बाहेर आला.

ती शिक्षा चुकीची होती असे माझे स्पष्ट मत आहे. आरोपीच्या भविष्याचे वजन करताना न्यायाधीशांनी जेवढी बारकाई दाखवली तेवढी पीडितेच्या मोडलेल्या वर्षभराच्या बाबतीत त्यांच्या शब्दांत दिसत नाही. दारूचा अंमल हे ज्या गुन्ह्यात तिच्या असहायतेचे कारण होते, त्याच गुन्ह्यात त्याच्या दोषाची तीव्रता कमी करायला दारू वापरली जावी, हे कोणत्याही सरळ बुद्धीच्या माणसाला खटकेल. पण चुकीची शिक्षा आणि बेकायदा शिक्षा या 2 वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या प्रकरणातील पुढचे सगळे त्या फरकावरच अडकलेले आहे.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी पीडितेचे निवेदन संकेतस्थळावर प्रसिद्ध झाले आणि काही दिवसांत लाखो लोकांनी ते वाचले. अमेरिकी प्रतिनिधिगृहात सदस्यांनी आळीपाळीने ते पूर्ण वाचून दाखवले. दरम्यान 7 जून 2016 रोजी कॅलिफोर्नियात प्राथमिक निवडणूक होती. पर्स्की यांची 6 वर्षांची मुदत संपत आली होती आणि अर्ज भरण्याची वेळ केव्हाच टळून गेल्यामुळे त्यांना प्रतिस्पर्धी नव्हता. संतापलेला मतदार शिक्षेनंतर अवघ्या 5 दिवसांनी मतदान केंद्रात गेला तेव्हा मतपत्रिकेवर त्यांचे नावच नव्हते. ते बिनविरोध आणखी 6 वर्षांसाठी निवडून आले. नियमित निवडणुकीचा हा दरवाजा लोक पोचायच्या आतच बंद झालेला होता.

दुसरा दरवाजा अपिलाचा. आरोपीला दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येत होते आणि त्याने ते केले. सरकारी पक्षाची वाट मात्र कॅलिफोर्नियात फार अरुंद आहे. शिक्षा कायद्याच्या चौकटीबाहेरची असेल तर वरच्या न्यायालयात जाता येते, पण चौकटीत बसणारी, तरीही अपुरी वाटणारी शिक्षा वाढवून मागण्यासाठी साधे सरळ अपील नाही. हा मुद्दा त्या वेळच्या गदारोळात जवळजवळ हरवून गेला, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 377 खाली, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 418 खाली, शिक्षा अपुरी आहे एवढ्याच कारणावरून राज्य सरकार अपील करू शकते. पीडितेला स्वतःला तो हक्क नाही, तिला सरकारच्या इच्छेवर अवलंबून राहावे लागते, ही त्यातली मोठी उणीव आहे. तरीही शिक्षा किती असावी या प्रश्नावर वरच्या न्यायालयाला बोलायला लावण्याची सोय आहे. सांता क्लारामध्ये ती असती तर वाद शिक्षेपुरता राहिला असता आणि न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत कदाचित पोचला नसता.

तिसरा दरवाजा शिस्तीचा. न्यायाधीशांच्या वर्तनावर देखरेख ठेवणाऱ्या राज्य आयोगाकडे हजारो तक्रारी गेल्या. 19 डिसेंबर 2016 रोजी आयोगाने पूर्वग्रहाचा किंवा अधिकाराच्या गैरवापराचा पुरेसा पुरावा नसल्याचे आणि दिलेली शिक्षा न्यायाधीशाच्या कायदेशीर मर्यादेतील असल्याचे जाहीर केले. दरम्यान त्यांच्यासमोर ज्यूरी म्हणून बसायला काही नागरिकांनी नकार दिला होता, आणि लैंगिक अत्याचाराच्या दुसऱ्या एका खटल्यातून सरकारी पक्षाने त्यांना बाजूला करून घेतले होते. शेवटी पर्स्की स्वतःच्या विनंतीवरून फौजदारी कामकाज सोडून दिवाणी बाजूला गेले.

उरला तो चौथा दरवाजा, परत बोलावण्याचा, म्हणजे मतदारांनी मुदत संपण्याआधीच मतदानाने पदावरून दूर करण्याचा. तो 1911 पासून कॅलिफोर्नियाच्या संविधानात आहे. गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या सुधारणांच्या काळात रेल्वे कंपन्यांच्या पकडीतून सरकार सोडवण्यासाठी तो आणला गेला आणि त्यात न्यायाधीशांचाही समावेश केला गेला. त्याच वर्षी ॲरिझोनाने राज्याचा दर्जा मागताना आपल्या संविधानात न्यायाधीशांना परत बोलावण्याची तरतूद ठेवली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी तेवढ्याच कारणावरून नकाराधिकार वापरला. ॲरिझोनाने ती तरतूद काढली, 14 फेब्रुवारी 1912 रोजी राज्य म्हणून प्रवेश मिळवला आणि त्याच वर्षी ती पुन्हा घातली. न्यायाधीशाने लोकांना किती जबाबदार असावे हा वाद तिकडे इतका जुना आणि इतका हट्टाचा आहे. प्रत्यक्षात मात्र हे हत्यार फार क्वचित उपसले गेले. कॅलिफोर्नियात त्याआधी न्यायाधीश परत बोलावले गेले ते 1932 मध्ये, आणि संपूर्ण अमेरिकेत 1977 मध्ये, विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात, तेही बलात्काराच्या प्रकरणातील न्यायाधीशाच्या उद्गारांवरूनच.

मोहिमेचे नेतृत्व स्टॅनफर्डच्या कायद्याच्या प्राध्यापक मिशेल डॉबर यांनी केले. त्यांचे म्हणणे एका निकालापुरते नव्हते. महाविद्यालयीन खेळाडूंच्या आणि घरगुती हिंसाचाराच्या इतर काही खटल्यांतही पर्स्की यांनी आरोपींना झुकते माप दिल्याचे त्या सांगत, आणि स्त्रियांवरील अत्याचार गंभीरपणे न घेणाऱ्या न्यायाधीशाला मतदारांनी जाब विचारणे हीच लोकशाही आहे असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. ज्या व्यवस्थेने न्यायाधीशाला निवडून द्यायचा हक्क मतदाराला दिला आहे, त्या व्यवस्थेत तो हक्क वापरला म्हणून मतदाराला दोष देणे अवघड आहे.

विरोधात कोण उभे राहिले हे पाहिले की प्रकरणाची खोली कळते. ज्यांच्या कार्यालयाने टर्नरविरुद्ध खटला लढवून 6 वर्षे मागितली होती ते जिल्हा सरकारी वकील जेफ रोझेन शिक्षेशी असहमत होते, तरी पर्स्की यांना हटवण्याच्या विरोधात होते. निवृत्त कृष्णवर्णीय न्यायाधीश लाडोरिस कॉर्डेल यांनी तर पर्स्की यांच्या बाजूने उघडपणे प्रचार केला. गरीब आरोपींची बाजू मांडणारे सरकारी बचाव वकीलही त्याच बाजूला होते. या मंडळींना टर्नरविषयी प्रेम नव्हते. त्यांना भीती होती ती पुढच्या आरोपीची. न्यायाधीशांना दया दाखवण्याची धास्ती वाटू लागली की तिचा चटका बसतो तो बहुधा खिशात पैसे नसलेल्या, कातडीचा रंग सावळा असलेल्या मुलाला, आणि त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. पर्स्की स्वतः मात्र बराच काळ गप्प होते, कारण अपील प्रलंबित असताना त्या खटल्यावर जाहीर बोलायला न्यायाधीशांच्या आचारसंहितेत त्या वेळी मनाई होती.

नव्या मुदतीला सुरुवात झाल्यावर, 2017 च्या जूनमध्ये, परत बोलावण्याची औपचारिक नोटीस दाखल झाली. पर्स्की यांनी न्यायालयात धाव घेतली. सुपिरियर कोर्टाचा न्यायाधीश हा राज्याचा अधिकारी असल्याने ही प्रक्रिया काउंटीच्या निवडणूक कार्यालयाने नव्हे, राज्याच्या सचिवांनी चालवायला हवी, असा त्यांचा मुद्दा होता. काही दिवस सह्या थांबल्या, पण मुद्दा टिकला नाही. 58 हजारांहून थोड्या अधिक सह्या लागणार होत्या, 2018 च्या जानेवारीत सुमारे 94 हजार सादर झाल्या. जूनमधील मतपत्रिकेवर 2 भाग होते: पर्स्की यांना न्यायाधीशपदावरून दूर करावे का, हो किंवा नाही, आणि दूर केल्यास त्यांच्या जागी कोण. दुसऱ्या भागात 2 नावे होती, सहायक जिल्हा सरकारी वकील सिंडी हेन्ड्रिक्सन आणि दिवाणी कामे करणाऱ्या वकील अँजेला स्टोरी. हेन्ड्रिक्सन मोठ्या फरकाने निवडून आल्या. म्हणजे सरकारी वकिलाच्या कार्यालयातून आलेल्या न्यायाधीशाच्या जागी त्याच कार्यालयातून दुसऱ्या न्यायाधीश आल्या.

क्युपर्टिनो, सनीव्हेल, सॅन होजे या ज्या गावांत आज मराठी घरे शेकड्यांनी आहेत, ती सारी याच काउंटीत येतात. त्यांतील जे अमेरिकेचे नागरिक झालेले होते त्यांच्याही हातात ही मतपत्रिका होती, आणि ज्या न्यायव्यवस्थेत ते लहानाचे मोठे झाले तिथे असा प्रश्न कोणी कधी विचारलेला नव्हता.

विरोधकांची भीती खरी ठरली का? राज्यशास्त्राचे अभ्यासक सॅनफर्ड गॉर्डन आणि सिडक यन्तिसो यांनी कॅलिफोर्नियातील काउंट्यांमधील फौजदारी शिक्षांची आकडेवारी तपासली. परत बोलावण्याच्या मोहिमेची घोषणा होताच शिक्षांची कठोरता एकदम वाढली, अंदाजे 30 टक्क्यांनी, असे त्यांना आढळले, आणि तो बदल सरकारी वकिलांच्या मागण्यांपेक्षा न्यायाधीशांच्या वागण्यातून आल्याची चिन्हे दिसली. वंशानुसार आधीपासून असलेली तफावत या कठोरतेने कमी झाली नाही. हे लक्षात घेतले पाहिजे की त्या वेळी अजून एकही सही गोळा झालेली नव्हती. नुसत्या घोषणेने, दुसऱ्यांच्या न्यायालयांत, टर्नरशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांच्या वाट्याला जास्तीचे महिने आणि वर्षे आली. माझ्या लेखी पर्स्की यांच्या पायउतार होण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे, आणि त्यासाठी त्यांनी दिलेल्या शिक्षेचे समर्थन करायची अजिबात गरज पडत नाही.

आपल्याकडे न्यायाधीशाच्या कारकिर्दीला एका निकालाची झळ बसतच नाही असे समजण्याचे कारण नाही. 2021 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी पोक्सो कायद्याखालील एका प्रकरणात त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाला नसल्यामुळे ते कृत्य त्या कायद्यातील लैंगिक हल्ल्यात बसत नाही असा निर्णय दिला. देशभर संताप उसळला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली, अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून त्यांना केवळ 1 वर्षाची वाढ मिळाली आणि 2022 च्या फेब्रुवारीत त्यांनी राजीनामा दिला. तिथे मतपेटी नव्हती, प्रचार नव्हता, आणि बंद दाराआड झालेल्या त्या निर्णयाची पूर्ण कारणे लोकांसमोर आली नाहीत. ही पद्धत निवडणुकीपेक्षा चांगली की वाईट यावर मतभेद होऊ शकतात. पण एक गोष्ट तिथे घडली जी सांता क्लारामध्ये घडली नाही: 18 नोव्हेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णयच रद्द केला आणि कायद्याचा अर्थ काय ते कारणांसह सांगितले. न्यायाधीशाचे काय झाले याबरोबरच निकालाचे काय झाले, याचेही उत्तर मिळाले.

कॅलिफोर्नियाने दुरुस्ती केली ती कायदा बदलून. 30 सप्टेंबर 2016 रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केलेल्या कायद्याने बेशुद्ध किंवा प्रतिकाराला असमर्थ व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारात प्रोबेशनची वाट बंद केली आणि तुरुंगवास बंधनकारक केला. पुढच्या प्रत्येक न्यायाधीशाच्या हातून ती मुभा गेली. 2019 मध्ये त्या तरुणीने स्वतःहून आपले नाव शनेल मिलर असल्याचे जगाला सांगितले. त्याच वर्षी पर्स्की यांना एका शाळेत मुलींच्या टेनिस संघाच्या प्रशिक्षकाचे काम मिळाले आणि पालकांच्या विरोधामुळे काही दिवसांतच गेले. मोहिमेच्या वकिलांची फी म्हणून 1 लाख 60 हजार डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा न्यायालयीन आदेशही त्यांच्यावर आला होता.

टर्नरच्या अपिलाचा निकाल 2018 च्या ऑगस्टमध्ये लागला, न्यायाधीश घरी गेल्यानंतर 2 महिन्यांनी. अपील न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली. शिक्षेचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. त्यामुळे ज्या 6 महिन्यांवरून हे सगळे घडले, ते पुरेसे होते की नव्हते, हे आजवर कोणत्याही वरच्या न्यायालयाने सांगितलेले नाही.